तुरुंगाची नोंद कोणाची?



ही व्याख्यानं बघणाऱ्यांमध्ये महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक पुष्कळ आहेत. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. आपल्या राज्यघटनेत तुरुंग हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याची कारागृह नियमावली वेगळी, अर्जाचा नमुना वेगळा, फी भरायची तऱ्हा वेगळी. पण माहिती नाकारण्याची भाषा सगळीकडे सारखीच आहे. आज मी त्या भाषेबद्दल बोलणार आहे.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीचा तुरुंगांचा अहवाल काढतो. 2022 च्या अहवालानुसार वर्षअखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. जागा होती 4,36,266 जणांची. आणि आत असलेल्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्या एका वर्षात तुरुंगांत 1,995 मृत्यू झाले. त्यातले 1,773 'नैसर्गिक' म्हणून नोंदले गेले आणि 159 'अनैसर्गिक' म्हणून. उरलेले दोन्ही रकान्यांत नाहीत.

आता 'नैसर्गिक' या शब्दापाशी जरा थांबू. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा झोपेत गेला, तर तो नैसर्गिक मृत्यू. आणि पस्तिशीचा माणूस महिनाभर खोकत राहिला, डॉक्टरांची जागा रिकामी होती, बाहेरच्या इस्पितळात न्यायला पोलिसांचा बंदोबस्त मिळाला नाही आणि शेवटी क्षयाने गेला, तर तोही नैसर्गिकच. अहवालात दोघं एकाच रकान्यात येतात. या दोन मृत्यूंमधला फरक कळायचा असेल तर आकडा पुरत नाही, कागद लागतो. कैद्याला डॉक्टरांनी शेवटचं कधी तपासलं, इस्पितळात पाठवा असं कधी लिहिलं, बंदोबस्त कधी मागितला, तो कधी आला. हे सगळं तुरुंगात लिहिलेलं असतं. तुरुंगाइतकं लिहिणारं सरकारी खातं क्वचितच असेल. पत्रकार तो कागद मागायला जातो आणि तिथे दार बंद होतं.

कोणी विचारेल, असा कागद बाहेर आल्याने काय होतं? आपल्याच देशाचा इतिहास बघा. जानेवारी 1979 मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आले. रुस्तमजी स्वतः पोलीस अधिकारी होते, तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी वर्षानुवर्षं कसे पडून आहेत, हे त्यांनी लिहिलं. त्या लेखांच्या आधारावर वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेच हुसैनारा खातून प्रकरण. त्यात असे लोक निघाले, की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी इतके दिवस आत राहावं लागलं नसतं. खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितलं. याची सुरुवात कुठून झाली? कोण किती दिवस आत आहे या साध्या माहितीपासून.

दुसरं उदाहरण मुंबईचं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्यालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन खात्री करायला सांगितलं. 1983 मध्ये निकाल आला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस, अटक झाली की नातेवाइकाला कळवणं, कायदेशीर मदत मिळणं, असे आदेश त्यातून निघाले.

पण याच मुलाखतींची दुसरी बाजूही ऐका. बारसे यांना 1982 मध्ये मिळालेली परवानगी पुढे काढून घेण्यात आली. त्या ध्वनिमुद्रण करतात, हे एक कारण. आणि अशी परवानगी साधारणपणे संशोधकांनाच देतो, हे कारागृह महानिरीक्षकांचं म्हणणं. हा वाद 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालय म्हणालं, की कैद्याची संमती हवी, त्याच्यावर जबरदस्ती नको, वाजवी नियम घालता येतील, ध्वनिमुद्रणाला वेगळी परवानगी लागेल. पण नागरिकांना आणि पत्रकारांना आत काय चाललं आहे ते कळायला हवं, हे तत्त्व मान्य झालं.

त्याच्याही आधी, 1981 मध्ये, 'हिंदुस्तान टाइम्स'च्या प्रभा दत्त यांना तिहारमध्ये फाशीच्या शिक्षेवर असलेल्या बिल्ला आणि रंगा यांची मुलाखत घ्यायची होती. तुरुंगाने नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी द्यायला लावली. पत्रकाराचा हक्क अमर्याद नाही, हे सांगितलंच, पण नकार द्यायचा असेल तर कारण वजनदार हवं आणि ते लेखी हवं, हेही सांगितलं. 'लेखी कारण' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागतील.

2005 मध्ये माहितीचा अधिकार कायदा आला. या कायद्यात पत्रकाराला वेगळा मान नाही, सामान्य नागरिकाइतकाच हक्क आहे. मला ते आवडतं. दहा रुपये भरा, अर्ज करा, माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर. आणि एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. ही अठ्ठेचाळीस तासांची तरतूद तुरुंगाइतकी दुसऱ्या कुठल्या खात्याला लागू पडत असेल? शिक्षा संपूनही माणूस आत असेल, किंवा आजारी कैद्याला औषध मिळत नसेल, तर ती माहिती याच तरतुदीत बसते.

प्रत्यक्षात काय येतं? गेली कित्येक वर्षं मी वेगवेगळ्या राज्यांत असे अर्ज करते आहे. उत्तरं चार प्रकारची येतात.

पहिलं: 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही.' कायद्यात असा अपवाद आहे. कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होईल अशी माहिती रोखता येते. पहारा कधी बदलतो, कोणत्या बराकीच्या मागे कोणती भिंत आहे, हे मी विचारलं तर जरूर रोखावं. पण एका मध्यवर्ती कारागृहाला मी फक्त इतकंच विचारलं होतं, की डॉक्टरांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. उत्तर आलं, सुरक्षा. त्याच राज्याने सगळ्या तुरुंगांतल्या वैद्यकीय पदांची बेरीज दिल्लीला कळवली होती आणि ती छापूनही आली होती. बेरीज सांगितल्याने सुरक्षा धोक्यात येत नाही आणि तिच्यातला एक आकडा सांगितल्याने येते, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

दुसरं: 'प्रकरण तपासाधीन आहे.' कोठडीतल्या मृत्यूबद्दल विचारलं की हे उत्तर हमखास. पण कायदा असं म्हणत नाही. कायदा म्हणतो, माहिती दिल्याने तपासात अडथळा येत असेल तर ती रोखता येते. भगत सिंग विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग या 2007 च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तपास सुरू आहे एवढं पुरेसं नाही, अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे.

तिसरं: 'माहिती मोठ्या प्रमाणात असल्याने संकलित करता येत नाही.' कायद्याच्या कलम 7(9) चा आधार त्यासाठी घेतात. ते कलम नीट वाचा. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयावर प्रमाणाबाहेर ताण येत असेल, तर दुसऱ्या स्वरूपात द्यावी, इतकाच त्याचा अर्थ. नकाराचं कलम ते नाहीच. झेरॉक्स काढणं जमत नसेल तर नोंदवही बघायला बोलवा.

चौथं उत्तर सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात जड: 'ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे.' म्हणजे कैद्याच्या खाजगीपणाची काळजी. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण पुढची लढाई इथेच आहे.

कैद्याला खाजगीपणा असतो का? असतो. असलाच पाहिजे. त्याचा आजार कोणता, भेटायला कोण येतं, घरच्या पत्रात काय लिहिलं आहे, एखादी बाई कोणत्या परिस्थितीत आत आली, तिची मुलं कुठे आहेत, हे बातमीसाठी उघडं करण्याचा हक्क मला नाही. आपल्याकडे कच्च्या कैद्याच्या नावावर पहिल्या दिवशीच गुन्हेगाराचा शिक्का बसतो, त्यात आम्हा पत्रकारांचाही हात असतो. त्यामुळे हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. कैद्याची माहिती आणि तुरुंगाची माहिती. कैद्याला काय झालं होतं, ही त्याची माहिती. त्याला इस्पितळात न्यायला किती दिवस लागले, ही तुरुंगाची माहिती. कैद्याने रजेचा अर्ज का केला, हे त्याचं घरगुती कारण. एकाला संचित रजा आठवड्यात मिळते आणि दुसऱ्याचा अर्ज वर्षभर पडून राहतो, हा तुरुंगाचा कारभार. नाव झाकून तारखा देता येतात. कायद्याच्या कलम 10 मध्ये तशी सोयच आहे, रोखण्यासारखा भाग वगळून उरलेला द्या.

आणि त्रयस्थाचंच म्हणाल तर कलम 11 ची पद्धत ठरलेली आहे. त्रयस्थाला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. इतर खात्यांत हा त्रयस्थ कुठे राहतो ते शोधावं लागतं. तुरुंगात तो त्याच आवारात, चार भिंती पलीकडे असतो. पण मला नकार देण्याआधी 'तुमची माहिती द्यायची का' असं कैद्याला विचारल्याची नोंद मी आजवर एकाही उत्तरात पाहिलेली नाही. ज्याच्या नावाने नकार येतो, त्याला त्या नकाराचा पत्ताच नसतो.

येरवड्याचं एक उदाहरण सार्वजनिक आहे. अभिनेता संजय दत्त फेब्रुवारी 2016 मध्ये शिक्षेत सूट मिळून येरवडा कारागृहातून बाहेर आला. राजीव गांधी हत्या खटल्यातले कैदी ए. जी. पेरारिवलन तेव्हा तमिळनाडूच्या तुरुंगात होते. त्यांनी येरवड्याकडे माहिती मागितली, की ही सूट कोणत्या नियमांनी दिली, केंद्र सरकारचं मत घेतलं होतं का. त्यांना माहिती नाकारण्यात आली, अपिलातही दुसऱ्या व्यक्तीची माहिती म्हणून नकारच आला. माहिती आयोगाकडूनही समाधान झालं नाही, तेव्हा 2020 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. आता, दोघांच्या गुन्ह्यांबद्दल तुमचं मत काहीही असू दे. एका कैद्याला नियम लागू झाला तो कसा, हे दुसऱ्या कैद्याने विचारणं ही उत्सुकता नव्हे. त्याच्या स्वतःच्या सुटकेचा प्रश्न त्यात अडकलेला होता.

बिल्किस बानो प्रकरणात तर हे सगळ्या देशाने पाहिलं. 15 ऑगस्ट 2022 रोजी अकरा जन्मठेपेचे कैदी गोध्र्याच्या तुरुंगातून सुटले. ते सुटले हे लोकांना दिसलं, हारतुरेही दिसले. पण कागद? केंद्रीय गृहमंत्रालयाने 11 जुलैलाच मंजुरी दिली होती आणि सीबीआयने विरोध केला होता, हे सविस्तर बाहेर आलं ते ऑक्टोबरमध्ये, गुजरात सरकारला सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं तेव्हा. 8 जानेवारी 2024 रोजी न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, असं न्यायालय म्हणालं. हा सगळा घोळ कागदावर होता. तो उघड व्हायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. प्रत्येक कैद्यासाठी आणि प्रत्येक पीडितेसाठी कोण तिथपर्यंत जाणार?

आता नवी अडचण. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीचा अपवाद आधीपासून होता, पण त्याला अटी होत्या. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने विनाकारण खाजगीपणाचा भंग होत असेल, तरच ती रोखायची. व्यापक जनहित असेल तर द्यायची. आणि वर एक सुंदर वाक्य होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणालाच नाकारता येणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून टाकलं. नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू झाला. आता त्या कलमात अपवाद म्हणून फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे.

तुरुंगाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? तुरुंगातला जवळपास प्रत्येक कागद कोणा ना कोणा माणसाबद्दलच असतो. तेव्हा चौथं उत्तर आता सगळ्यात सोपं झालं आहे. पहिली तीन शोधायचीही गरज उरणार नाही.

पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम 8(2) अजून जागेवर आहे. जनहित हे नुकसानापेक्षा मोठं असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते, असं ते सांगतं. फरक इतकाच, की आता जनहित आपल्याला अर्जातच मांडून दाखवावं लागेल. आणि 1994 चा आर. राजगोपाल प्रकरणाचा निकाल आहे. 'नक्कीरन' या तमिळ नियतकालिकाला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या कैद्याचं आत्मचरित्र छापायचं होतं. त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. तुरुंगाच्या वरिष्ठांनी ते छापू नका म्हणून पत्र पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने छापण्याआधीच बंदी घालायला नकार दिला आणि सांगितलं, की न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक दस्तऐवजात जे आलं आहे, त्यावर लिहिण्याला खाजगीपणाच्या नावाने साधारणपणे अडवता येत नाही. त्या निकालात खाजगीपणाचा हक्कही ठामपणे मान्य केलेला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे.

आणखी एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात विचित्र वाटतो. नियमावलीच हाती न लागणं. कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपले नियम आणि नियमावल्या न मागता प्रसिद्ध करायच्या असतात. नियमावलीत कोणाचंच नाव नसतं, तपास नसतो, आजार नसतो. पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये तुरुंगातल्या जातीभेदावर वृत्तांत लिहिला, तो अशा नियमावल्या वाचून आणि कैद्यांशी बोलून. स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा, सफाई कोणी करायची, हे काही राज्यांच्या नियमावल्यांत चक्क छापलेलं होतं. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारी भाषा होती. आपल्याकडचा पारधी समाज हा शिक्का किती पिढ्या वाहतो आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि राज्यांना नियमावल्या दुरुस्त करायला लावल्या. इतकी वर्षं ते नियम चालले कसे? ज्यांच्यावर चालत होते ते आत होते, आणि बाहेरच्यांनी ते वाचलेले नव्हते.

आता कामाचं बोलू. तुमच्यापैकी कोणी पत्रकार असेल, कोणाचा नातेवाईक आत असेल, कोणी कायद्याचा विद्यार्थी असेल. अर्ज करताना चार गोष्टी सांभाळा.

एक. प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'उपचार का झाले नाहीत' याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. 'अमुक महिन्यात कैद्यांना बाहेरच्या इस्पितळात पाठवण्यासाठी पोलीस बंदोबस्त मागणाऱ्या पत्रांच्या प्रती' याला तो बांधील आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, म्हणून मोजकंच लिहा.

दोन. नावं झाकून द्या, असं अर्जातच लिहा आणि कलम 10 चा उल्लेख करा. त्याखाली दोन ओळींत जनहित सांगा आणि 8(2) लिहा. कैद्याची किंवा मृताच्या कुटुंबाची लेखी संमती मिळाली तर ती जोडा. मग 'त्रयस्थ' हे उत्तर टिकत नाही.

तीन. एकाच दाराशी उभे राहू नका. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला द्यावी लागते, हा 1993 पासूनचा नियम आहे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, तिचा अहवाल असतो. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणाऱ्या जिल्हा समितीची इतिवृत्तं असतात. विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांत पुष्कळ आकडे असतात. तुरुंगाने नाकारलेला कागद कधीकधी दुसऱ्या कचेरीत सापडतो.

चार. अपील सोडू नका. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. नुसतं कलमाचा आकडा लिहून काम भागत नाही, कारण लेखी लागतं. प्रभा दत्त प्रकरणातले ते दोन शब्द इथे कामाला येतात.

अपिलाला वेळ लागतो, हे मान्य. देशभरच्या माहिती आयोगांपुढे 2024 च्या मध्याला चार लाखांहून अधिक प्रकरणं पडून होती, एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त. तीस दिवसांचं उत्तर दोन-तीन वर्षांनी आलं तर ते देणं नव्हे, नाकारणंच झालं. बातमी शिळी होते इतकंच त्यात नाही. दरम्यान तो कच्चा कैदी आतच असतो. ती बाई इस्पितळाच्या गाडीची वाट बघत असते. ज्या घरी निरोप गेला आहे, ते घर शवविच्छेदनाचा अहवाल मागत असतं.

तुरुंग सरकार चालवतं, पण आपल्या नावाने चालवतं. फिर्यादीत 'राज्य विरुद्ध अमुक' असं लिहितात ना, त्यातलं राज्य म्हणजे आपण. आपल्या नावाने कोणाला तरी कुलूप लावलेलं आहे. आत त्याचं काय चाललं आहे हे विचारणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही, आपला हिशेब आहे. तेव्हा या महिन्यात एक काम करा. तुमच्या जिल्ह्यातल्या तुरुंगाकडे एकच अर्ज टाका: डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती. उत्तर काय येतं ते आम्हाला कळवा. नकार आला तर तोही जपून ठेवा. तोही सरकारी कागदच आहे, आणि तो मात्र तुमच्या हातात आहे.